तालमीचा हक्क

पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत मी एका विशीतल्या मुलाला काम करताना पाहिलं. तो जन्मापासून अंध आहे. डाव्या कानात साधा, स्वस्तातला इयरफोन आणि उजव्या कानावर अर्धवट सरकवलेला मोठा हेडफोन. इयरफोनमधून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बोलत होता, इतका भरभर की मला एक शब्द कळेना. हेडफोनमध्ये एका बोलक्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण चालू होतं. वाचणाऱ्या बाईंचा एका वाक्यानंतरचा श्वास जरा मोठा पडला होता. त्याने बाणाची कळ दोनतीनदा दाबली, श्वासाच्या अलीकडे एक काप दिला, पलीकडे एक दिला, आणि श्वास काढून न टाकता नुसता हलका केला. "पूर्ण काढला तर बाई यंत्र वाटतात," तो म्हणाला. शेजारी त्याचे शिक्षक बसले होते, तेही अंध. ते जरा थांबून म्हणाले, "अरे, कापाच्या जागी खोली बदलली. ऐक." रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक बारीक आवाज असतो, तो कापाशी तुटला होता. मुलाने पुन्हा ऐकलं आणि सगळं काम पुन्हा केलं. त्यानंतर शिक्षकांनी "हं" केलं.

त्या "हं"चं मोल मला फार वाटतं. गाण्याच्या घरात जे वाढले त्यांना ते लगेच कळेल. आपल्याकडे याला तालीम म्हणतात. चूक दाखवणारं, पुन्हा करायला लावणारं, वर्षानुवर्षं चालणारं शिक्षण. अपंग तरुणांच्या वाट्याला नेमकं हेच येत नाही. त्यांच्या वाट्याला येतात त्या टाळ्या. 3 डिसेंबरला जागतिक अपंग दिनाचा कार्यक्रम होतो, मुलं-मुली दोन गाणी म्हणतात, सभागृह उभं राहतं, पाहुण्यांचे डोळे भरून येतात. अंतऱ्यात सूर उतरला होता, ठेका पुढे पळत होता, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. सांगणं निर्दयपणाचं वाटतं. मला न सांगणं निर्दयपणाचं वाटतं. ज्याची चूक काढायची नाही, त्याला आपण शिष्य मानलेलंच नाही. (सरकारी कागदावर शब्द 'दिव्यांग' आहे. मी 'अपंग' लिहितो. दिव्यत्व बहाल केलं की शिकवण्याची जबाबदारी संपल्यासारखी वाटू लागते.)

अंध म्हटलं की गाणं, ही समजूतही त्यातलीच. मुलगा अंध आहे म्हणून त्याच्यापुढे पेटी ठेवली जाते. त्याला गळा आहे का, आवड आहे का, हा प्रश्न मागाहून येतो, बरेचदा येतच नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गात फिरणाऱ्या अंध जोडप्यांकडे पाहिलं की या समजुतीचं दुसरं टोक दिसतं. गाणं शिकवलं, पण गाण्याच्या बाजारात उभं राहायला शिकवलं नाही. करार कसा करावा, मानधन किती मागावं, हे कुणी सांगितलं नाही. ध्वनीच्या क्षेत्रात गाण्यापलीकडे केवढी कामं आहेत. बोलकी पुस्तकं, डबिंग, पॉडकास्ट, नाटकाचं ध्वनिसंयोजन, चित्रपटाचं ध्वनिवर्णन. ही वाट अंध मुलांनाही दाखवली जात नाही, मग व्हीलचेअरवरच्या मुलीला कोण दाखवणार?

तालीम मिळाली तर काय घडतं याचं आपल्याकडे एक मोठं उदाहरण आहे आणि आपण ते विसरलो आहोत. कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवण्यात आलं. पुढे याच माणसाने 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलेखनाची स्वतःची पद्धत तयार केली, आणि गुरूच्या घरात बंदिस्त असलेली विद्या वर्गात आणली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य. आज गावोगावी गांधर्वच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना, ही व्यवस्था ज्या विचारातून आली तो एका दृष्टी अधू असलेल्या माणसाचा होता, हे कुणी सांगत नाही. पलुसकरांचं चरित्र सांगताना फटाक्याचा प्रसंग आपण दैवाचा घाला म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. मिरजेला एका गुरूने मुलगा ठेवून घेतला आणि वर्षानुवर्षं तालीम दिली. ती दिली नसती तर कुरुंदवाडच्या एका अधू मुलाची कुणी नोंदही घेतली नसती.

गुरुकुल होतं तेव्हा सगळ्यांना दारं उघडी होती, असं मात्र मी म्हणणार नाही. कानावर चालणारी विद्या अंध शिष्याला सोयीची होती, एवढंच. पाय नसलेल्याला, हात थरथरणाऱ्याला, अडखळत बोलणाऱ्याला तिथे जागा नव्हती. आजही आपली मैफल जमिनीवरच्या बैठकीची आहे. गुडघे दुखणारे ज्येष्ठ गवई खुर्चीवर बसून गातात तेव्हा कुणी काही म्हणत नाही, ती सवलत वयाला मिळते. विशीतल्या मुलीने व्हीलचेअरवरून गायचं म्हटलं की व्यासपीठाला पायऱ्या किती आहेत हे पहिल्यांदा मोजलं जातं. स्टुडिओंची तऱ्हा आणखी कठीण. बाहेरचा आवाज नको म्हणून ते तळघरात असतात. आतली जमीन मूळ जमिनीपासून उचललेली, त्यामुळे दाराशी उंबरठा, आणि दार इतकं जड की एका हाताने हलत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी मिक्सिंग शिकायला अशाच एका दारापर्यंत जाऊन परत आली. फी भरायची तिची तयारी होती.

बहिऱ्यांचा विषय काढला तर लोक चमकतात. ऐकू न येणाऱ्याचं संगीतात काय काम? स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनीची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. शाळेतले तालवाद्याचे शिक्षक रॉन फोर्ब्स तिला वर्गाच्या भिंतीला हात टेकून उभं करायचे आणि टिंपनी हे नगाऱ्यासारखं मोठं चर्मवाद्य वाजवायचे. खर्जाचा सूर पायांत जाणवतो, वरचा गळ्यात, चेहऱ्यावर, हे ती असं भिंतीला हात लावून ओळखायला शिकली. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने आधी तिला घ्यायला नकार दिला, कारण बहिऱ्या वादकाचं पुढे काय होणार हे त्यांना दिसेना. तिने भांडून प्रवेश मिळवला, आणि ती जगभर एकल तालवादक म्हणून वाजवत राहिली. तिच्या कौतुकात फोर्ब्स मागे राहतात. मला मात्र तो भिंतीजवळचा तास पुन्हा पुन्हा आठवतो. त्या शाळेत अपंगांसाठीचं एकही खास उपकरण त्याला लागलं नाही. आपल्या विद्यार्थिनीचं शरीर सूर कुठून घेतं हे शोधायची एका शिक्षकाची तयारी होती.

म्हणून उपकरणांच्या देणग्यांबद्दल मला शंका वाटते. 'लाइफ ऑन अर्थ' या बीबीसीच्या मालिकेचे संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी 1980च्या दशकात 'साउंडबीम' तयार केलं. हवेतल्या हालचालीतून त्यावर सूर निघतो, ज्याला फक्त मान हलवता येते तोही वाजवू शकतो. अप्रतिम कल्पना. पण असं यंत्र शाळेला दिलं आणि शिकवणारा दिला नाही, तर ते कपाटात जातं. सॉफ्टवेअरचंही तेच. 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने सुरू केला. 'रीपर' या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरला 'ओसारा' हे मोफत जोड-सॉफ्टवेअर लावलं की अंध माणूस पडद्याशिवाय पूर्ण संपादन करू शकतो. उलट, एबलटन कंपनीचं 'लाइव्ह' हे संगीत तयार करण्याचं सॉफ्टवेअर 2001 मध्ये आलं आणि त्यात स्क्रीन रीडरची सोय झाली 2024 मध्ये, बाराव्या आवृत्तीत. या तेवीस वर्षांत किती मुलांनी नाद सोडला असेल? कुठल्या प्लगइनची बटणं बोलतात, कुठली मुकी राहतात, स्क्रीन रीडरचा आवाज ध्वनिमुद्रणात मिसळू नये म्हणून दुसरा इयरफोन कसा लावावा, हे ज्ञान माणसाकडून माणसाकडे जातं. डोळस शिक्षक कितीही चांगला असला तरी त्याचा हात माउसकडे वळतो. म्हणून अपंग तरुणांना ध्वनीचं काम शिकवणाऱ्या कुठल्याही उपक्रमात शिकवणाऱ्यांत अपंग कलावंत असलेच पाहिजेत, आणि त्यांना सत्काराची शाल देऊन भागणार नाही, पगार दिला पाहिजे.

कायद्यात यातलं बरंच लिहिलेलं आहे. 2016च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 29 अपंग कलावंतांना सोयी आणि आर्थिक पाठबळ देण्याविषयी बोलतं, कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची पुनर्रचना करायला सांगतं. महाराष्ट्राने 2022 मध्ये स्वतंत्र विभागही काढला. पण विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते, आणि त्यानंतर मुलं घरी बसतात. तेच वय तालमीचं. त्या वयात हाताला धरणारा माणूस किमान वर्षभर हवा, आठवड्याच्या कार्यशाळेने काही होत नाही. रिक्षाचे पैसे हवेत, कारण अपंग मुलाच्या घरचा खर्च तिथेच अडतो. आणि वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्राच्या आधी एक खरं, पैसे मिळणारं काम हवं.

स्टुडिओ चालवणाऱ्या, नाटकांना ध्वनी देणाऱ्या, बोलकी पुस्तकं काढणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्याकडे शिकाऊ मुलं येतातच. त्यांत या वर्षी एक अपंग मुलगा किंवा मुलगी घ्या. दाराशी लाकडी उतार करून घ्या, त्याला सुताराचा एक दिवस लागतो. आणि पहिल्याच दिवशी त्याची चूक काढा.