देवा, किती अंत पाहशील?



फारच वैताग आला की इंग्रज माणूस म्हणतो, ‘याने तर जोबच्या सहनशीलतेचाही अंत पाहिला असता.’ हा जोब म्हणजे जुन्या करारातील आपला ईयोब. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये, याकोबाच्या पत्रात (५:११), ‘पेशन्स ऑफ जोब’ असे शब्द आहेत. ते इंग्रजांच्या तोंडी कायमचे बसले.

पण ईयोबाचा ग्रंथ उघडून पाहा. गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर फोड आले, तरी पहिल्या दोन अध्यायांत तो तक्रारीचा शब्द काढत नाही. तिसऱ्या अध्यायात मात्र तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो आणि पुढे थेट देवाला जाब विचारतो. ग्रंथाचे अध्याय ४२ आहेत. निमूट सोसणारा ईयोब त्यांतल्या दोन अध्यायांपुरताच. म्हण वापरणारे बहुधा पुढे वाचतच नसावेत!

याकोबाच्या पत्रातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘हुपोमोने’. ‘खाली’ आणि ‘राहणे’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला. ओझ्याखालून पळून न जाणे, असा त्याचा भाव. त्यात तोंड मिटून बसणे येत नाही. देवाला शाप दे आणि मर, असे प्रत्यक्ष बायकोने सुचवले तरी ईयोबाने ते केले नाही. तो देवाशी भांडला, पण देवापाशीच राहिला.

आपणही म्हणतोच, ‘देवा, किती अंत पाहशील?’ घरात लांबलेले आजारपण असले की हे शब्द हमखास निघतात. मग माणूस पापनिवेदनात ते पाप म्हणून सांगतो. मला तर ती प्रार्थनाच वाटते.

ईयोबाला वैताग आणला तो मित्रांनीही. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट बसले. तेवढेच त्यांचे चांगले काम. तोंड उघडले ते देवाची बाजू घेऊन, तुझेच काहीतरी चुकले असणार, हे ऐकवण्यासाठी. (मयताच्या घरी जाताना हे आठवावे.) शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तुम्ही नाही, असा त्याचा निवाडा (४२:७). सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावे लागले. ज्यांनी त्याचा अंत पाहिला, त्यांच्यासाठी प्रार्थना त्यालाच करायची होती. त्याने ती केली.