वाफशाचं भौतिकशास्त्र

माजलगावच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं ओतलं की ढीग एका ठरावीक उतारापर्यंत चढतो, मग दाणे घसरू लागतात. कधी चार दाणे, कधी अख्खी बाजूच खाली येते. पुढची घसरण केवढी असेल हे हमालाला सांगता येत नाही आणि भौतिकशास्त्रज्ञालाही नाही. पण लहानमोठ्या घसरणींचा हिशेब लागतो का, हा प्रश्न पहिल्या प्रतीचा आहे. दीपक धर यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसून त्याचा पिच्छा पुरवला.

पेर बाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली वाळूच्या ढिगाचं एक कागदी प्रारूप मांडलं होतं. चौकटींच्या जाळ्यात दाणे टाकत जायचे. एका घरात चार झाले की शेजारच्या चार घरांत एकेक ढकलायचा. धरांनी १९९० साली दाखवलं की कोणत्या घरातले दाणे आधी ढकलले, कोणत्या घरातले नंतर, याने शेवटच्या मांडणीत काहीच फरक पडत नाही. एवढ्याशा गोष्टीमुळे जे केवळ संगणकावर बघायचं होतं ते गणिताने सुटू लागलं. २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. खरा ढीग मात्र इतका आज्ञाधारक नसतो. ओस्लोत तांदळाचे ढीग रचून पाहिले, तेव्हा लांब दाण्याचा तांदूळ बाक यांच्या सिद्धांताला धरून वागला, आखूड दाण्याचा वागला नाही.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला कृष्णविवरं आठवतात. नारळीकरांनी मराठी वाचकाला आकाशाची गोडी लावली, हे त्यांचे उपकारच. पायाखालच्या पदार्थांना मात्र मराठीत तसा लेखक लाभला नाही. रबर, साबणाचा फेस, दही, चिखल, धान्याची रास यांच्या शास्त्राला प्रतिष्ठा मिळवून दिली ती फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी. चुंबकत्वापासून सुरुवात, मग अतिवाहकता, मग द्रवस्फटिक, मग बहुवारिकं. जम बसला की हा माणूस नवं रान धरायचा. १९९१चं नोबेल घेताना त्यांनी गोष्ट सांगितली ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या आदिवासींची. ते झाडाचा चीक पायाला फासत आणि थोड्या वेळात त्याचा बूट होई. दोनशे कार्बन अणूंमागे एकाशी हवेतल्या ऑक्सिजनचा संयोग होतो, तेवढ्याने पातळ चीक घट्ट होतो. नोबेलनंतर ते गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांशी बोलत राहिले. आपल्याकडे असा पाहुणा बहुधा सत्कारापुरता येतो.

आता सिंदफणा नदीकाठची काळी माती घ्या. तिच्यातले चिकणमातीचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आटली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून बघतो: गोळा होतो का, आणि बोटाने टोकरल्यावर फुटतो का. म्हणजे वाफसा आला. स्वीडनच्या ॲटरबर्ग यांनी १९११ साली जी कसोटी मांडली ती याचीच बहीण. आज प्रयोगशाळेत ओल्या मातीची वळी करतात आणि ती तीन मिलिमीटर जाडीला तुटू लागली की त्या वेळचा ओलावा मोजतात. पण ती तिथेच का तुटते? पापुद्र्यांवरचे विद्युतभार, मधलं पाणी, त्यातले क्षार यांतून मुठीत जाणवणारा चिवटपणा कसा उभा राहतो, हे मूलभूत नियमांपासून मांडणं आजही अवघड आहे. अणूचा तपशील ठेवला तर हिशेब आवरत नाही, सगळाच टाकला तर माती उरत नाही. कोणता टाकायचा, हे ठरवण्यातच सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची हयात जाते.

या विद्येला दुर्बीण लागत नाही, कण-त्वरक लागत नाही. गणित पक्कं लागतं आणि भरपूर चिकाटी. तरीही आमच्याकडचं हुशार पोर दहावी झालं की लातूरच्या शिकवणीला जातं, तिथून डॉक्टर नाहीतर इंजिनीअर. तिसरी वाट त्याला कोणी सांगतच नाही. डॉक्टर हवेतच, पण वर्गातल्या एखाद्याला मातीच्या भेगा मोजाव्याशा वाटल्या तर त्याला वेड्यात काढू नये. बारावीनंतर ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेची प्रवेश परीक्षा देऊन पुण्यात पाच वर्षांत बीएस-एमएस करता येतं आणि पुढे पीएच.डी.ला शिष्यवृत्तीही असते. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी-मॅडमनी एवढी माहिती यंदा वर्गात नक्की सांगावी.