दगड होता तसा ठेवावा

अंबरनाथच्या बुवापाड्यातून पहाटेची लोकल धरणाऱ्यांना मुंबई हे बेट असल्याचे सहसा आठवत नाही. परंतु ओहोटी लागली की हाजी अलीच्या खडकांवर अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, जीव उघडे पडतात आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा, समुद्रफूल, प्रवाळ दिसतात. तेथे दगड उचलून पाहावा, पण दगड होता तसा ठेवावा, कारण त्याच्या तळाशी ओलाव्यात चिकटलेली अंडी उन्हात सुकून जातात. दुसऱ्याच्या दुःखात डोकावणाऱ्याचे कुतूहलही चांगलेच असते. पण तेथेही पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा, त्या माणसाला उघडे पाडून निघून जाऊ नये. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून खडकांवरचे हे जीव दाखवणाऱ्या किनारा-फेऱ्या घेतो; ओहोटीची वेळ पाहून मुलांना अवश्य न्यावे.