ग्रीस लावलंस का?

तुटण्याच्या आधी बोल्ट सुटल्यासारखा वाटतो. इतका वेळ अडून बसलेला पाना अचानक मऊ फिरायला लागतो. आपल्याला वाटतं, जमलं. खरं तर लोखंड आतल्या आत पिळवटत असतं. आणखी पाव फेरा, आणि नट तुटक्या तुकड्यासकट हातात येतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातात असाच आला. वाळव्याकडच्या आमच्या मळ्यात, विहिरीवर, आजोबांचं जुनं डिझेल इंजिन आहे. विजेचा पंप आला तेव्हापासून पत्र्याखाली पडून. ते पुन्हा चालू करावं असं मनात होतं. सायलेन्सर हेडला चार स्टडवर बसवलेला. आठवडाभर रोज नटांवर डिझेल सोडलं. तीन नट सुटले. त्यांच्या आट्यांत काळा, तेलकट थर अजून होता. चौथा हलेना, म्हणून मी पान्याला पाईप लावला. स्टड हेडच्या तोंडाशी तुटला.

तो चौथा नट मीच बसवला होता. तेरा-चौदा वर्षांचा असेन. सायलेन्सरचं पॅकिंग बदलायचं होतं. आजोबांनी तीन नट लावले, चौथा माझ्या हातात दिला आणि ते पाणी बघायला पाटाकडे गेले. ग्रॅफाइट कालवलेल्या ग्रीसचा डबा शेजारीच होता. हात काळे होतात म्हणून मी नट कोरडाच आवळला. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "ग्रीस लावलंस का रे?"

मी म्हणालो, "हो."

गंजणं म्हणजे झिजणं, असं आपण समजतो. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि स्टडमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि दोघांना एक करून टाकतो. माझ्या एका 'हो'ला तेवढी वर्षं मिळाली होती.

तालुक्याच्या गावातून एका म्हाताऱ्या फिटरमामांना आणलं. मी स्टडमध्ये भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालणार होतो. ते म्हणाले, "तो आत मोडला तर मग ड्रिलपण लागत नाही त्याला. एकदा घाई केलीस, तेवढी बास." त्यांनी तुटक्या स्टडवर एक नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. तापल्यावर स्टड फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड तडकते. पहिला नट निघून आला. दुसराही. तिसऱ्याला मामांनी पूर्ण निवू दिलं, तेल सोडलं आणि जरासं पुढे, जरासं मागे असं करत अर्ध्या तासात तुकडा बाहेर काढला. बिडातले आटे शाबूत होते. स्टड नवा करता येतो. हेडमधले आटे गेले की हेडच गेलं.

मग नव्या स्टडचा प्रश्न आला. इंजिन जुन्या ब्रिटिश घडणीचं, आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेलं हे माप: अर्ध्या इंचाच्या स्टडला इंचात १२ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. बाजारात सहज मिळतो तो १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, कोन ६० अंश. तो या भोकात काही फेरे जातो आणि अडतो. रेटला तर बसल्यासारखा दिसतो, पण बिडाचे आटे खराब करतो. वर रंग मारला की कुणाला कळणार? लेथवर अर्धा इंची स्टड करून घ्यायला दोन दिवस लागणार होते.

त्या दोन दिवसांत एक प्रश्न डोक्यात होता. त्या खोट्यानं नुकसान कुणाचं झालं? आजोबांचं नाही. इंजिन त्यांच्या हयातीत नीट चालत राहिलं. नुकसान झालं ते पुढे कधीतरी तो नट उघडणाऱ्याचं. तो मीच निघालो, हा योगायोग. दुसरा कुणी असता तर मला पत्ताही लागला नसता. मग चूक कमी ठरली असती का?

मला तसं वाटत नाही. नट घट्ट आवळणं आजच्या कामासाठी असतं. ढिला राहिला तर इंजिनाच्या हादऱ्यानं पडेल आणि आपण पकडले जाऊ. ग्रीसचं तसं नाही. लावलं काय, न लावलं काय, इंजिन आज तसंच चालतं. लावणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, उलट हात काळे होतात. ते फक्त नंतर येणाऱ्यासाठी असतं, आणि तो अजून तक्रार करायला हजर नसतो.

प्रत्येक अनोळखी माणसाचं ओझं आपण वाहायचं का, असं कुणी विचारेल. सगळ्यांचं नाही. पण जे आपण आपल्या हातानं बंद करतो, ते कुणाला तरी उघडावं लागणार, एवढं तर आपल्याला आवळतानाच माहीत असतं. हा मजकूर तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याची बॅटरी बहुधा गोंदानं चिकटवलेली आहे. फोन पातळ ठेवायला, आत पाणी जाऊ नये म्हणून, अशी कारणं असतातच. ती बदलायला बसलेल्या पोराला त्या कारणांचा उपयोग नसतो.

दोन दिवसांनी स्टड आला आणि हातानं शेवटपर्यंत गेला. चारही नटांना ग्रीस लावलं. हात काळे झाले. विचारायला कुणी नव्हतं.