पाहणं हेच खाणं

ऑफिसची कागदपत्रं कॉन्फ्लुअन्स नावाच्या सॉफ्टवेअरवर असतात, त्याचा मी ॲडमिन. त्यातल्या ‘स्पेस’च्या, म्हणजे विभागाच्या, सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड पेजेस’ नावाचा टॅब असतो. लोकांनी स्वतःपुरती झाकून ठेवलेली पानं तिथे मला ओळीने दिसतात, शीर्षकासकट. बंधन काढायला एक क्लिक पुरतो.

गेल्या पावसाळ्यात एक सहकारी लांब रजेवर होती. मॅनेजर म्हणाले, “तिची पानं सगळ्यांना खुली कर, रिलीजच्या नोट्स हव्यात.” यादी उघडली. तीन शीर्षकं कामाची, चौथं ‘आईच्या गोळ्या’. माझा हात माउसवरच थांबला.

पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय आहे, म्हणजे चोरी न करणं. नुसतं पाहिलं तर चोरी होते का? पान तर जागच्या जागीच राहतं. पण ते फक्त तिचं होतं, आणि उघडलं असतं तर ते ‘फक्त’ मी उचलून नेलं असतं. मला तरी ही चोरीच वाटते.

मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. आपण तो दुसरा, असं ॲडमिनला सहज वाटतं. तो साक्षी मात्र निरिच्छ आहे. माझ्यात कुतूहल आहे, म्हणून माझं पाहणं हेच खाणं.

मी तिला फोन लावला. “अरे, तीन मीच शेअर करते. चौथं राहू दे,” ती म्हणाली.

चौथ्यावरचं कुलूप अजून तसंच आहे.