वजनकांटा आणि नीति

स्थूलपणाकडे आपला समाज ज्या दृष्टीनें पाहतो ती वैद्याची नसून न्यायाधीशाची असते. दमेकऱ्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. ज्याचे डोळे अधू आहेत त्याच्या मनाला वळण नाहीं, असें कोणी समजत नाहीं. परंतु पोट सुटलेल्या गृहस्थाविषयीं, आणि त्याहूनहि अंगानें भरलेल्या स्त्रीविषयीं, अगदीं परका मनुष्यसुद्धां आपला निकाल बेधडक देऊन मोकळा होतो. 'तोंडावर ताबा नाहीं' हें त्या निकालाचें सार. उलटपक्षीं कोणाचें वजन उतरलें कीं त्याच्या अंगीं एखादा नवा सद्गुण उदय पावला असावा, अशा थाटांत त्याचें अभिनंदन होतें. या निंदेला आणि या स्तुतीला नीतिशास्त्राचा आधार कितपत आहे, हा प्रश्न गेल्या चार-पांच वर्षांत आमच्या फार जवळ आला. कारण त्यांतील स्तुतीचा वांटा आमच्या पदरांत बराच पडला, आणि तो घेतांना मन कांहीं केल्या स्वस्थ राहीना.

हकीकत थोडक्यांत अशी. २०२१ सालीं आमचें वजन ८६ किलो होतें. उंची साडेपांच फूट. रक्तांतील साखर सीमेवर आली आहे, वजन दहा किलो तरी उतरवा, असें डॉक्टरांनीं सांगितलें. पुढील बावीस महिन्यांत तें ७३ वर आलें, आणि तेव्हांपासून दोन किलोंच्या आंतबाहेर राहिलें आहे. 'काय हो तुमचा निग्रह!' असें सहकारी म्हणूं लागले. निग्रह हा शब्द आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गांत इतकीं वर्षें शिकवीत आलों आहों कीं, तो कोणी आपल्याला बहाल केला असतां त्याची उलटतपासणी केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

मग प्रत्यक्ष घडलें तें काय? दिवसाला पांच कप चहा, प्रत्येकांत दोन चमचे साखर. म्हणजे रोजची चाळीस ते पन्नास ग्रॅम, महिन्याची सव्वा ते दीड किलो. ही साखर दर पंधरवड्याला पाव-पाव चमच्यानें कमी होत गेली आणि जिभेला तिचा पत्ताहि लागला नाहीं. शेव-फरसाणाचे डबे फडताळांतून गेले. रात्रीचें जेवण साडेनवावरून साडेसातवर आलें. पानांत आधीं उसळ, कोशिंबीर आणि ताक, मग पोळी, आणि भात असलाच तर एक वाटी, असा क्रम ठरला. दर रविवारीं सकाळीं वजन करून आंकडा वहींत टिपावयाचा, रोज टिपावयाचा नाहीं. कारण रोजच्या चढउतारांत पाण्याचा भाग मोठा असतो आणि त्यापायीं मनुष्य उगीच खुलतो किंवा खट्टू होतो. चालण्याविषयीं लोकांची अपेक्षा फार मोठी असते. पाऊण तास चालून जें खर्चीं पडतें तें एक-दोन बेसनाच्या लाडवांत भरून निघतें, हा साधा हिशेब आहे. चालण्यानें झोंप, साखर आणि मनाची प्रसन्नता सुधारते आणि उतरलेलें वजन सांभाळण्यास तें फार उपयोगी पडतें. पण नुसतें चालून वजन उतरविणाऱ्याच्या पदरीं बहुधा निराशाच येते.

या यादींत निग्रहाचे प्रसंग शोधूं गेल्यास ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. फडताळ रिकामें असल्यावर रात्रीं दहा वाजतां मनाशीं झुंजण्याचें कारणच उरत नाहीं. शिक्षकांच्या खोलींत पेढ्यांचा पुडा उघडा पडलेला असला म्हणजे तिसऱ्या तासानंतर कोणाच्या निग्रहाचा भरवसा देतां येत नाहीं, हा आमच्या एकट्याचा नव्हे, तेथें बसणाऱ्या सर्व विद्वानांचा अनुभव आहे. आणि मूग आदल्या रात्रीं भिजत घालणें, त्यांना मोड आणणें, कोशिंबीर चिरणें, सगळ्या घराची घडी दोन तास अलीकडे ओढणें, हें काम केलें कोणीं? तें आमच्या पत्नीनें केलें. लोक आमच्या निग्रहाचें कौतुक करीत होते, त्यांतील बराचसा निग्रह स्वयंपाकघरांत रांधला गेला होता.

याच दोन वर्षांतली दुसरी एक हकीकत. आमच्या महाविद्यालयांतील एका शिपायास हाच सल्ला मिळाला होता. दिवसा नोकरी, रात्रीं एका वसाहतींत रखवालदारी; अकरा वाजतां वडापाव आणि चहा, पहाटे घरीं, झोंप पांच तास, तीहि तुटक. अपुऱ्या झोंपेनें भूक वाढते आणि ती गोडातेलकटाकडे ओढ घेते, हें आतां चांगलें सिद्ध झालें आहे. त्याचें वजन आठ-नऊ किलोंनीं वाढलें. 'सुस्त झाला आहे' असें त्याच्याविषयीं बोललें जातें. दिवसांतून सोळा तास पायांवर उभा असलेला मनुष्य सुस्त, आणि खुर्चीवर बसून कांटचें नीतिशास्त्र सांगणारे आम्ही संयमी! न्यायाचा हा तराजू वजनाच्या कांट्याइतकाहि खरा नाहीं.

आमच्या जुन्या ग्रंथकारांनीं या बाबतींत आमच्यापेक्षां अधिक विवेक दाखविला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारचीं शरीरें निंदित म्हणून सांगितलीं आहेत. त्यांत अतिस्थूल आहे, पण त्याच पंक्तींत अतिकृश, अतिदीर्घ आणि अतिह्रस्वहि आहेत. उंच असणें हा कोणाचा अपराध नव्हे; तेव्हां येथें 'निंदित' याचा अर्थ पापी असा होऊंच शकत नाहीं. पुढें स्थूलतेचीं कारणें सांगतांना अतिभोजन आणि दिवसाची झोंप यांबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, त्यांनीं स्पष्ट गणला आहे. उपचार म्हणून पोटास जड पण पोषणास हलकें असें अन्न सांगितलें आहे. जव, सांवा, मूग, कुळीथ. म्हणजे रोग्यानें उपाशी तळमळावें असें चरकाचें म्हणणें नाहीं. त्याचें पोट भरावें, पण मेद भरूं नये, असा त्याचा बेत आहे. आमच्या पानांतली उसळ याहून फारशी वेगळी नव्हती.

तळमळीचें काय होतें याचा पुरावा पश्चिमेकडे मिळतो. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अॅन्सेल कीझ यांनीं ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण कोण होते, हें येथें महत्त्वाचें आहे. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार देणारे, आणि उपासमार झालेल्या लोकांना पुढें उपयोग व्हावा म्हणून आपण होऊन देह देणारे, असे ते होते. निग्रह म्हणून जें म्हणतात तें यांच्याइतकें क्वचितच कोणाजवळ असेल. सहा महिने त्यांना सुमारें १५७० कॅलरी अन्न दिलें. वजन चौथ्या हिश्श्यानें घटलें. आणि मनाची स्थिति? अन्नाशिवाय दुसरा विषय सुचेना; कोणी पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले; कांहींजणांकडून नियम मोडले गेले; आणि प्रयोग संपल्यावर कित्येकांची भूक पुष्कळ दिवस भागेना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत, आहार सुटला तरी रसाची गोडी मागें उरते, असा जो इशारा आहे, त्याचा इतका सविस्तर दाखला दुसरा मिळणें कठीण.

मागें उरते ती केवळ मनाची गोडी नव्हे, शरीराचीहि असते. वजन उतरविण्याची स्पर्धा करणाऱ्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनीं तपासणी झाली. ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. स्पर्धेंत त्यांचें वजन सरासरी ५८ किलोंनीं उतरलें होतें. त्यांतील ४१ किलो परत आलें होतें. एवढेंच नव्हे, तर विश्रांतींत त्यांचें शरीर जेवढें खर्च करील अशी अपेक्षा होती त्यापेक्षां दिवसाला सुमारें ५०० कॅलरी कमीच खर्च करीत होतें. शरीर हा जुना, दुष्काळ पाहिलेला मुनीम आहे. तिजोरी घाईनें उपसली कीं तो खर्चाला कात्री लावतो आणि ती सहजासहजीं काढीत नाहीं. अशा मनुष्यास 'पुन्हां सुटलास ना!' म्हणून हंसणें हें क्रूरपणाचें आहे.

वजन हें तरी शरीराच्या आंतल्या गोष्टीची खूण आहे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आपलें दोघांचें एक छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचा सारखाच, २२.३, पण मेद एकाच्या अंगांत २१.२ टक्के, दुसऱ्याच्या ९.१. मेद अधिक कोणाचा, हें भारतीय वाचकास सांगावयास नकोच. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांवर याच मंडळींनीं केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, इंग्रज बालकांच्या तुलनेनें हीं बालकें लहान आणि रोडकीं असूनहि त्यांच्या अंगीं मेद मात्र बराच राखलेला असतो. मातेच्या पोटांतच ज्याचा हिशेब मांडला जातो त्याबद्दल पन्नाशीच्या मनुष्याला जाब कसा विचारावा?

येथवर आल्यावर कोणी म्हणेल, मग मनुष्याच्या हातीं कांहींच नाहीं. खुशाल जिलब्या खाव्या! हा आक्षेप टाळून चालणार नाहीं. आमच्या मतें येथें दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टींची गल्लत होते. पाऊस न पडणें हा शेतकऱ्याचा दोष नव्हे. पण बियाणें राखून ठेवणें ही त्याची जबाबदारी आहेच. ती त्यानें उन्हाळ्यांत नव्हे, सुगीच्या दिवसांत पार पाडावयाची असते. भुकेचेंहि तसेंच. भरल्या पोटीं, शांत मनानें, पुढच्या भुकेल्या घटकेची व्यवस्था लावणें एवढें मनुष्याच्या हातीं पुष्कळ आहे. ग्रीक महाकाव्यांतला युलिसिस सायरनांचें गाणें ऐकण्यापूर्वींच स्वतःस डोलकाठीला बांधून घेतो. ऐकूं आल्यावर मन आवरीन, असा भरवसा तो धरीत नाहीं. मात्र त्याला बांधणारे हात खलाशांचे होते, हें आपण विसरतों. आणि आमच्या शिपायाजवळ रिकामें फडताळहि नाहीं आणि खलाशीहि नाहींत, हेंहि.

ॲरिस्टॉटलनें निग्रही आणि संयमी यांत भेद केला आहे. निग्रही मनुष्याच्या मनांत वाईट वासना उठते, पण तो तिला दाबतो. संयमी मनुष्याची वासनाच बुद्धीशीं मिळतीजुळती असते. ॲरिस्टॉटलला दुसरा श्रेष्ठ वाटतो. कांटचा ओढा उलट आहे. वासना विरुद्ध असतांना केलेल्या कर्तव्यांत त्याला नीतीचें तेज अधिक स्पष्ट दिसतें. हा वाद आजवर वर्गांतच राहिला होता; आतां तो औषधाच्या दुकानांत आला आहे. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत आठवड्यास एक सुई टोंचून घेणाऱ्यांचें वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांनीं उतरलें. वजन उतरविण्यासाठीं हें औषध २०२५ सालीं भारतांतहि विक्रीस आलें. घेणारे पुष्कळजण सांगतात कीं, डोक्यांत दिवसभर चाललेली खाण्याची कुजबुज थांबली. निग्रह न करतां वासनाच निवली! मग हा सद्गुण म्हणावा, कीं फसवणूक? औषध बंद केल्यावर वर्षभरांत गेलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत येतो, हेंहि चांचण्यांनीं दाखविलें आहे. तेव्हां या संयमाची मालकी सुईकडे आहे असें म्हणतां येईल.

आम्हांस वाटतें, प्रश्नच चुकीच्या जागीं विचारला जातो. चष्मा लावून वाचणाऱ्याचें वाचन लबाडीचें ठरत नाहीं. त्या सुईनें इतकें मात्र उघडें पाडलें कीं, ज्यांना आपण इतकीं वर्षें दुबळ्या मनाचे म्हणत होतों, त्यांच्या कानांत एक आवाज मोठा होता आणि सडपातळ माणसांच्या कानांत तो लहान होता. सडपातळ मनुष्य त्या आवाजाशीं लढून जिंकला नव्हता. त्याला तो ऐकूंच येत नव्हता.

राहतां राहिली ती आपल्याच घरांतली एक चाल. 'पानांत टाकूं नये' हा संस्कार उत्तम. पण त्याचा भार शेवटीं जेवायला बसणाऱ्या बाईवर पडतो. मुलानें अर्धी टाकलेली पोळी, पातेल्याच्या तळाची खीर, उरलेला भात, हें सारें 'वाया कशाला घालवावयाचें' म्हणून तिच्या पोटांत जातें. तें चवीसाठीं नव्हे, कर्तव्यबुद्धीनें. आणि मग तिच्याच जाडीवरून लग्नकार्यांत थट्टा होते. लोभानें खाणारा आणि धर्म म्हणून खाणारी यांना वजनकांटा एकच आंकडा दाखवितो. आमच्या घरीं पत्नीनें आतां असा नियम केला आहे कीं, रात्रीं उरलेला भात कोणा एकाच्या पानांत जावयाचा नाहीं. तो झांकून ठेवावयाचा. सकाळीं कांदा, मिरची, शेंगदाणे घालून त्याचा फोडणीचा भात करावयाचा आणि चौघांत वांटावयाचा. आमच्या वांट्यास एक वाटी येते, आणि त्या दिवशीं दुपारच्या पानांतला भात बंद असतो.