देवकीची वर्षं

आज भागवताचा दहावा स्कंध वाचला. बेड्या गळून पडतात, दारं उघडतात, त्या रात्रीपाशी आपण पटकन पोचतो. आधीची वर्षं कोण मोजतं? देवकीने केलं तरी काय होतं? आकाशवाणी झाली आणि कंस घाबरला, एवढंच!

मला आपल्या नागपूरच्या प्रा. शोमा सेन आठवल्या. भीमा कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ ला अटक, सुप्रीम कोर्टातून जामीन ५ एप्रिल २०२४ ला. जवळजवळ सहा वर्षं, आणि तोवर खटला उभासुद्धा राहिला नव्हता. यूएपीएचं कलम ४३-ड(५) सांगतं, आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही.

त्या दोषी की निर्दोष, ते मी ठरवणार नाही. सरकार म्हणजे कंस, असंही माझं म्हणणं नाही. बॉम्बस्फोटात माणसं मरतात, कडक कायदा लागतोच. पण पुरावा तपासण्याआधीच एवढी वर्षं गेली, तर उद्या 'निर्दोष' म्हणताना ती परत कोण देणार? याच प्रकरणातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या रुग्णालयात, कोठडीत असतानाच गेले. त्या दिवशी हायकोर्टात त्यांच्या जामिनाचीच सुनावणी होती.